अक्काचा तिसरा पूल

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी श्रीहर्षच्या इंदिरानगरातल्या वरच्या खोलीत जे भरायचं, त्याला ते तिघे 'मंडळ' म्हणत, आणि रघुपतीला त्यात काही वावगं वाटत नसे. भक्ती आली की मंडळ आलंच. मग समोर रामराया असो, नाहीतर तीस वर्षांपूर्वीचं व्हिडिओ गेमचं मशीन. इथेही चपला बाहेर काढायच्या, दहाच्या ठोक्याला बसायचं, आणि ज्याला जास्त कळतं त्याने सांगत राहायचं. सोल्डरिंगच्या तारेचा धूर निघाला की खोलीत ऊद घातल्यासारखं वाटे. कॅसेट मशीनमध्ये खुपसण्याआधी तिचे पितळी पाय खोडरबराने घासायचे, स्पिरिटने पुसायचे, आणि मग इतकं करूनही डोळे मिटून तिच्यात एक फुंकर मारायचीच. फुंकरीने काही होत नाही, उलट गंज चढतो, असं श्रीहर्ष दर वेळी बजावून सांगे आणि दर वेळी स्वतःच मारे.

श्रीहर्ष मूळचा पुण्याचा, महादेवपुऱ्यात चिपा बनवणाऱ्या कंपनीत कामाला. बोलताना अर्धं वाक्य इंग्रजीत सुरू करून मराठीत संपवायचा. दुसरा पद्माकर, निपाणीचा, राहायला बेळ्ळंदूरला. त्याच्या येण्याची वेळ तो नाही, रिंग रोड ठरवायचा. आणि तिसरा आपला रघुपती, ज्याला दोघे रघुअण्णा म्हणत. याचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते घरातल्या कोणालाच नीट सांगता येत नाही, इतकं जुनं. घरात मराठी, पण त्यात कानडी अशी मुरलेली की वेगळी काढायला गेलं तर दोन्ही सांडतील. दिवसा विम्याच्या कचेरीत, गुरुवारी संध्याकाळी राममंदिरात कीर्तनाला झांज.

आता हा झांजेचा माणूस या मंडळात आला कसा, तर अक्कामुळे.

कावेरीअक्का, त्याची थोरली बहीण, राममंदिराची पेटीवाली. बावीस वर्षं बुवा बदलले, तबलजी बदलले, पेटीवर अक्काच. बुवांनी नुसता श्वास घेतला तरी कुठला सूर येणार ते तिला कळायचं. मार्गशीर्षात न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता बोटं चालवा, जितकी चालवाल तितकी सुटतील. अक्काने पेटी उघडली, तीही भजनाला जमलेल्या बायकांसमोर. एका चालत्या तानेला बोटं मागे राहिली, दुसऱ्यांदा अडखळली, तिसऱ्यांदा तिने भाता सोडला, पेटीवर कापड घातलं आणि घरी आली. पुन्हा म्हणून शिवली नाही. रामनवमी दीड महिन्यावर आलेली. षष्ठीपासूनच्या चार दिवसांच्या कीर्तनाला मिरजेहून बुवा यायचे होते. अक्काने देवळात निरोप पाठवला की दुसऱ्या कोणाला बघा, माझा हात गेला.

हात गेलेला नव्हता, धीर गेला होता. पण हे तिला सांगणार कोण? रघुपतीने एकदा सांगून पाहिलं तर तिने दोन दिवस त्याच्या पानात ताकच वाढलं नाही.

तेव्हा त्याला माळ्यावरचं मशीन आठवलं. लहानपणी दोघं भावंडं त्यावर एकच गेम खेळायची. कॅसेटवर नाव होतं, पण कुठल्या लिपीत ते देवाला ठाऊक. त्यात एक बेडूक होता, गळ्यात पांढरी पट्टी असलेला, उपरणं घेतल्यासारखा. म्हणून यांनी त्याला नाव ठेवलं बेडूकबुवा. बेडूकबुवांनी नदीवरचे पूल ओलांडायचे. पुलाच्या फळ्या पाय पडताच गळून पडायच्या, म्हणजे नेमक्या वेळी उडी मारली नाही तर थेट गंगास्नान. तिसरा पूल सगळ्यात वाईट. तो रघुपतीला आयुष्यात कधी ओलांडता आला नाही, आणि अक्काचा कधी चुकला नाही. अख्ख्या गल्लीतली पोरं नुसती ते बघायला यायची. तीच ही अक्का. पेटीवर लाज वाटते तर बेडकावर बोटं चालवू दे, असा रघुपतीचा साधा विचार. मशीनची वायर जिथे खोचतात ते भोक तेवढं तुटलं होतं, ते नीट करायला त्याने महिन्यापूर्वी मशीन श्रीहर्षकडे दिलं आणि तोही मंडळातला झाला. मग रामनवमी अकरा दिवसांवर आली, देवळाला दुसरं कोणी मिळालेलं नाही, अशा त्या रविवारी कॉफी चांगली मिळते असं काहीबाही सांगून अक्काला घेऊन आला.

अक्का आली, खोली पाहिली, टीव्ही पाहिला, आणि आपलं जुनं मशीन ओळखून हसली. कितीतरी दिवसांनी. श्रीहर्षने ते असं लखलखीत केलं होतं की पिवळं पडलेलं प्लास्टिकसुद्धा पांढरं झालं होतं. तो तिला काय काय केलं ते सांगत होता, कपॅसिटर बदलले, चित्र स्वच्छ केलं, आणि सांगताना त्याचा चेहरा पहिल्यांदा आरतीचं ताट धरलेल्या माणसासारखा झाला होता. पद्माकर तेवढ्यात घामाघूम होऊन पोचला. अक्काला नमस्कार करून म्हणाला, "तिसऱ्या पुलाचं लई ऐकलंय तुमच्या. आज दर्शन घ्यायलाच आलोय बघा."

अक्काने रिमोट हातात घेतला. पहिला पूल गेला. दुसऱ्यावर बेडूकबुवा एकदा बुडाले, मग गेले. तिसऱ्यावर बुडाले. पुन्हा बुडाले. पद्माकरने सुरुवातीला दोनतीन विनोद केले. सहाव्या वेळी अक्काने पदराने हात पुसला. नवव्या वेळी बेडूक पाण्यात पडायच्या आधीच तिने रिमोट मांडीवर ठेवला.

"बघितलंस ना, रघू?" ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त लागला. "देवळात बायकांनी बघितलं होतं. आता यांनीपण बघितलं."

रघुपतीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. औषध म्हणून आणलं आणि विष पाजलं. आता अकरा दिवस काय, अकरा वर्षं ही पेटीजवळ जायची नाही.

श्रीहर्षने कॉफी आणली. वातावरण सैल करावं म्हणून तो म्हणाला की कदाचित रिमोटचं बटण अडकत असेल, बघतो. बिचाऱ्याने चांगल्या मनाने रिमोट घेतला आणि एका दमात, गप्पा मारत, तिसरा पूल पार केला. म्हणजे बटण ठीक होतं. म्हणजे दोष हाताचाच. अक्का कपात बघत बसली.

पण श्रीहर्ष खेळत असताना एक गोष्ट घडत होती. त्या पुलावर एक छोटीशी चाल वाजते, गोलगोल फिरून तीच. रघुपतीचा हात सवयीने मांडीवर झांज धरत होता, आणि पडत होता मागे. त्याने सावरून घेतलं, पुन्हा धरली, पुन्हा मागे. आता रघुपतीत अवगुण पुष्कळ होते, पण झांज चुकणं हा नव्हता. याच मिरजेच्या बुवांनी भर कीर्तनात सांगितलं होतं, रघू मागे उभा असला की मला ठेका मोजावा लागत नाही. मग तीस वर्षं डोक्यात बसलेल्या चालीलाच हात मागे का पडावा?

त्याने हळूच गुणगुणून पाहिलं. लहानपणी या चालीवर दोघांनी शब्द बसवले होते, राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. आईने गेमवरून रागवू नये म्हणून. प्रत्येक 'री'ला उडी. अक्का उड्या तशाच मारायची, मनातल्या मनात नाम घेऊन. आता ते नाम चालीत मावेना. 'हरी'ला पोचेपर्यंत मशीन पुढच्या 'राम'ला लागलेलं. मध्ये श्वास घ्यायलाच जागा नाही.

"श्रीहर्ष," तो म्हणाला, "एक विचारू? हे धावतंय का?"

"म्हणजे?"

"चाल धावतेय. आमच्या घरी ही सावकाश होती. मध्यलयीतली चीज कोणीतरी द्रुतात उरकतंय असं वाटतंय मला."

श्रीहर्षचा हात थांबला. बेडूकबुवा बुडाले. पद्माकरने आधी श्रीहर्षकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग परत श्रीहर्षकडे, आणि म्हणाला, "काय केलंस रे? खरं सांग."

मग ते बाहेर आलं. नुसतं तुटलेलं भोक दुरुस्त करून श्रीहर्षचं मन भरेना. अक्काला भेट म्हणून, न सांगता, त्याने मशीनच्या दोन मुख्य चिपा आणि त्यांना ठेका देणारा क्रिस्टल काढून त्या जागी अस्सल जपानी बसवले होते. झालं होतं असं, की आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला पन्नास चित्रं यायची आणि जपानात साठ. गेम तिकडचा, मशीन मात्र इकडच्या टीव्हीजोगं बनवलेलं, म्हणून इथे तो सहाला पाच या मापाने हळू चालायचा. सगळी पोरं त्याच सावकाशीत वाढली आणि कोणाला पत्ता नव्हता. श्रीहर्ष आणि पद्माकर गेली कैक वर्षं अस्सल मशीनवर खेळून त्या वेगाला सरावले होते. त्यांना तोच बरोबर वाटणार. म्हणून त्यांच्या ध्यानातच आलं नाही. देवाची जुनी मूर्ती काळवंडली म्हणून प्रेमाने तिला ऑइलपेंट देणारे भक्त असतात ना, त्यातली गत.

"पण अण्णा, टेक्निकली हाच ओरिजिनल स्पीड आहे," श्रीहर्ष कसंनुसं म्हणाला. "ज्यांनी बनवला त्यांनी ह्याच स्पीडला बनवला. आपल्याकडे चालायचा तो चुकीचा होता."

"अक्कांच्या घरात तीस वर्षांमागं जो चालला तो चुकीचा?" पद्माकर म्हणाला. "सांग मग त्यांना तोंडावर. मी खाली थांबतो."

दोघांची चांगली जुंपली. श्रीहर्षचं म्हणणं मूळ ते मूळ. पद्माकरचं म्हणणं, मूळ बघायचं तर कॅसेटसुद्धा नकली आहे, मग तिची पूजा कशाला करतोस. रघुपतीने एवढंच सांगितलं की एकच अभंग एक बुवा संथ ठाय लयीत घेतात, दुसरे नाचत घेतात, आणि दोन्हीकडे लोक डोळे पुसतात. पण ज्याने ठाय लयीत ऐकून पाठ केला त्याला नाचत म्हणायला लावलं आणि तो अडखळला, तर त्याला अभंग येत नाही असं कोणी म्हणू नये.

आता अक्काने कप खाली ठेवला.

"म्हणजे मी पुढे-मागे होत नव्हते?"

"नव्हतीस. तू जिथे उडी मारत होतीस ना, आपली उडी तिथेच होती. पूलच आधी पळत होता."

तिने उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावून पाहिली, जपाला बसल्यासारखी.

श्रीहर्षचा एक गुण मोठा होता. काढलेली वस्तू तो फेकत नसे. टेबलाच्या खणात चिठ्ठी लावलेल्या पिशवीत जुन्या चिपा आणि जुना क्रिस्टल जसाच्या तसा निघाला. चिपा त्याने खाचेत बसवल्या होत्या, त्या नुसत्या उपटून बदलायच्या होत्या. क्रिस्टलला मात्र डाग द्यावा लागणार होता. त्याने मशीन उघडलं, चष्मा चढवला, पद्माकरने टॉर्च धरला. भांडण मिटलेलं नव्हतं, ते त्या उजेडात खालच्या आवाजात चालूच राहिलं. अक्का खुर्चीवरून उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. डाग बसून धूर निघाला तेव्हा तिने विचारलं की पेटीचे सूर उतरले की आमचा कारागीर पट्टीला कानस मारतो, तसंच का हे? श्रीहर्ष जरा विचार करून म्हणाला, ऑलमोस्ट.

अर्ध्या तासाने मशीन सुरू झालं. चाल वाजली, आणि रघुपतीचा हात मांडीवर पडला तो बरोबर जागेवर पडला. त्याला इतकं बरं वाटलं की तो क्षणभर अक्काला विसरला.

अक्का पहिल्या पुलावरून गेली, दुसऱ्यावरून गेली. तिसऱ्यावर बुडाली. तिने पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा बुडाली, पण या वेळी शेवटच्या फळीवर.

"ही माझी चूक," ती म्हणाली. "ही मला कळली. मघाची कळत नव्हती."

तिसऱ्यांदा तिचे ओठ हलायला लागले. रघुपतीला ऐकू आलं नाही, पण काय म्हणतेय ते त्याला माहीत होतं, आणि तोही मनात म्हणू लागला. फळी, फळी, श्वास, उडी. अंगठा आखडलेला होताच, प्रत्येक उडीला तिच्या कपाळावर एक आठी येत होती. बेडूकबुवा उपरणं सांभाळत पलीकडच्या काठावर उतरले.

पद्माकरने टाळ्या वाजवल्या आणि जवळजवळ साष्टांग घातला. श्रीहर्षने चष्मा काढून पुसला. अक्काने कोणाकडे न बघता उजवं मनगट डाव्या हातात धरलं, स्वल्प दाबून पाहिलं, आणि टीव्हीकडे बघतच म्हणाली, "रघू, बुवांना फोन कर. म्हणावं पेटीला मीच आहे. पण पहिले दोन दिवस सगळं विलंबित घ्या म्हणावं. नाचायचं असेल तर सप्तमीनंतर."

"सरी, अक्का, करतो," रघुपती म्हणाला, आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. कारण डोळ्यांत पाणी आलेलं त्याला तिथे दाखवायचं नव्हतं.

बुवांना दोनदा सांगावं लागलं, तिकडे मागे कोणीतरी तबला जुळवत होतं. तो बोलून आत आला तेव्हा रिमोट श्रीहर्षच्या हातात होता आणि तो पहिल्याच पुलावर चौथ्यांदा बुडत होता. सवयच वेगाची, प्रत्येक उडी आधी पडायची. पद्माकर मनापासून खूश होता. अक्का श्रीहर्षशेजारी सतरंजीवर बसली होती आणि त्याच्या खांद्यावर बोटाने ठेका धरत होती, आपल्या उजव्या हाताच्या बोटाने.

"घाई कशाला करतोस?" ती त्याला सांगत होती. "फळी कुठे जात नाही. आधी श्वास घे. हं. आता."