पदरावरच्या चार सुया

“पयले एक पुरी कर, मंग दुसरी धर. साऱ्या जगाची रीत हाय ते,” विमलताई दारातूनच म्हणाल्या. “तुह्याच घरी काहून चार-चार पसरून राह्यल्या वं?”

सत्यशीलेने मान वर केली नाही. “तुमी कपाशीत तुरीचं तास घालता का नाई, ताई? कपाशी निघाल्यावर तूर पेरू म्हनलं तं पेरसान कवा?”

“वावराची गोष्ट येगळी.”

“हाताचीबी तेच हाय. एकच गोधडी धरली की बोटं रुसते माहे.”

मारेगावच्या कडेला असलेल्या त्या घराची ओसरी म्हणजे जुन्या कापडांचं शेतच होतं. आणि सत्यशीलेच्या पदरावर, खांद्यापाशी, चार सुया टोचलेल्या. प्रत्येकीत आपापला दोरा, प्रत्येक दोरा आपापल्या गोधडीचा. सकाळी हात ताजा असला की पुंडलिकरावांची जाड गोधडी. रानडुकरं हाकलायला ते वावरात जागलीला झोपतात, त्यांना थर जास्त लागतात. ऊन ओसरीत उतरलं की उज्ज्वलाच्या गडद कापडांची. काळ्यावर काळा टाका उजेडाशिवाय दिसत नाही. दुपारी विमलताईंची. त्यांच्या प्रेरणाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि आजीच्या लुगड्यांची गोधडी तिच्यासोबत सासरी जायची होती. आता नुसता काठ राहिला होता.

चौथं होतं ते दुपटं. सत्यशीलेच्या लेकीच्या, दीपमालाच्या, होणाऱ्या लेकराचं. ते हातात यायचं कोणी बोलत बसलं म्हणजे. म्हणजे गप्पा जेवढ्या, तेवढंच ते पुढे जायचं.

म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर विरलेल्या कापडात लेकरू पहिल्यांदा घ्यावं, अशी त्या घरची रीत. दुपट्याला सत्यशीलेने सासूचं पांढरं लुगडं काढलं होतं. म्हातारी दर साली तेच नेसून नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं.

दीपमालाच्या पहिल्या बाळंतपणातही दुपटं शिवायला घेतलं होतं. एक बाजू राहिली. लेकरू घरी आलं ते दुकानातल्या फुलाफुलांच्या ब्लँकेटात. दीपमाला भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “साऱ्या गावाच्या झाल्या, माय. माह्या लेकराची तेवढी राह्यली.” ते बोलणं सत्यशीलेच्या आत सुईच्या मोडक्या टोकासारखं राहून गेलं. हात लावावा तर सापडत नाही, हललं की टोचतं.

“काठ आज पुरा कर बापा,” विमलताई म्हणत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. केळापूरचा जावई, इंद्रजित.

“आई, दीपमालाले वणीच्या दवाखान्यात आनलं. दिवस भरले नव्हते, पन डॉक्टर म्हनते आजच होईन.”

“ते कशी हाय?”

“बरी हाय. तुमालेच इचारून राह्यली. दुपटं आनसान म्हनते.”

फोन ठेवून सत्यशीला खाली बसली. विमलताईंची गोधडी अंथरलेलीच होती, तिच्यावरच दुपटं पसरलं आणि पांढऱ्या दोऱ्याची सुई पदरावरून उपसली. सुई अशी सुटली की विमलताई बोलायच्या थांबल्या. घाई झाली म्हणजे सत्यशीलेच्या ओठांवर आपोआप ओवी यायची.

सुई चालते माही बाई, जशी पान्यात मासोई
वर येते खाली जाते, तिले उसंतच नाई

एक बाजू झाली. दुसरी झाली. तिसरी अर्ध्यावर आली. कसं काय दिसतं ते बघायला तिने दुपटं उचललं, आणि दुपट्याबरोबर लग्नाची अख्खी गोधडी वर आली.

दोन्ही एकमेकींना शिवल्या गेल्या होत्या.

“अवं माय!” विमलताई ओरडल्या. “माही गोधडीच शिवली का वं तू तुह्या नातवाले?”

सत्यशीलेने दोन्ही कापडं उलटी करून पाहिली. सुई खालपर्यंत गेली होती, आणि टाका असा पक्का, की तिला स्वतःचाच राग आला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपला हात जरा कच्चा असता तर बरं झालं असतं.

विमलताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. गोधड्या द्यायला-न्यायला त्या कितीदा तरी आल्या, पण बोलणं नेहमी दारातूनच. त्यांच्या नवऱ्याच्या, किसनरावांच्या घरची बाई या बौद्ध वस्तीत बसली नव्हती कधी. आता त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि पसरलेल्या कापडांच्या कडेला मांडी घालून बसल्या.

“कात्री आन,” त्या म्हणाल्या. “खालून माह्या गोधडीचं कापड काप. तुहे टाके राहू दे. मंग ठिगळ लावता येते.”

“नाई.”

“काहून? मी म्हनून राह्यली न!”

“तुमच्या सासूचं लुगडं हाय ते, ताई. अन् प्रेरणाच्या लग्नाचं. आपल्या नातवासाठी दुसऱ्याच्या लेकीच्या गोधडीले कात्री लावाची? हे हात मंग कोनत्या कापडाले लावू मी?”

“मंग काय करतं?”

“उसवतो.”

आणि ती उसवायला बसली. चिडून नाही, ओढून नाही. एकेक टाका सुईच्या टोकावर उचलून. जुनं कापड ओढलं की फाटतं. एवढ्यात उज्ज्वला आली. अंगणवाडीतून घरी जाताना ती रोज आपल्या वारलेल्या बापाच्या सदऱ्यांची गोधडी कुठवर आली ते बघून जायची.

“काय झालं, मावशी?”

“तुह्या मावशीनं माही पोरगी अन् तिचा नातू एका ठिकानी शिवून टाकले,” विमलताई म्हणाल्या. “तू बस. दोरा ओव. डोळे हायेत न?”

“ओवतो न. पन मावशीच्या गोधडीले दुसऱ्याचा हात लागलेला चालते का?”

प्रश्न खरा होता. सत्यशीलेची गोधडी म्हणजे एका हाताची गोधडी. सुनेलाही ती टाका घालू देत नसे. दोन हातांचे टाके एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणायची. तिने शेवटचा टाका उसवून दुपटं गोधडीपासून मोकळं केलं. मग पदरावरची हिरव्या दोऱ्याची सुई काढून तिने विमलताईंसमोर धरली.

“काठ तुमीच घाला, ताई.”

“मी? लगन झाल्यापासून सुई नाई धरली मी. गुंडीबी गड्याच्या बायकोकून लावून घेतो.”

“धरा. लेकीची हाय. वाकडं झालं तं कोन इचारते तुमाले?”

विमलताईंनी सुई धरली. पहिला टाका बोटातच गेला. “हाय रे देवा!” म्हणून त्यांनी बोट तोंडात घातलं, आणि उज्ज्वला इतकी हसली की तिच्या हातातलं दोऱ्याचं बंडल घरंगळत अंगणात गेलं. मग तिघी शिवू लागल्या. एका टोकाला विमलताईंचे टाके लंगडत चालले होते, एक लांब, एक आखूड. उज्ज्वलाने बापाच्या सदऱ्याच्या खिशाभोवती दोरा घातला आणि तिथेच बराच वेळ थांबली. मधे सत्यशीला. तिने या वेळी दुपटं जमिनीवर टेकू दिलं नाही; गुडघ्यावर ताणून धरलं आणि सुई सोडली. पांढरा दोरा संपला तेव्हा विमलताईंनी ओवलेली दुसरी सुई तिच्या हातात दिली; कोणत्या रंगाची, हे बघायलाही ती थांबली नाही. तिसरी बाजू. चौथी. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

दुपटं उचललं. एकटंच वर आलं.

“झालं वं!” विमलताई जवळजवळ किंचाळल्या. “झालं, झालं! आता बसून कायले राह्यली? गाडीवाल्या गोपालले बोलावतो. तू लुगडं बदल.”

वणीच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा लेकरू नुकतंच बाहेर आणलं होतं. नर्सबाई विचारत होत्या, “कपडा कोनी आनला?”

“मी,” सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज सगळ्या वऱ्हांड्यात ऐकू गेला.

मुलगी होती. पांढऱ्या लुगड्याच्या त्या मऊ घडीत तिने एकदा तोंड वेडंवाकडं केलं आणि झोपली. दीपमाला दमलेली होती. तिने हात बाहेर काढून नुसतं दुपट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. सगळ्या बाजू फिरून बोट पुन्हा जिथल्या तिथे आलं.

“माय, एकीकडं हिरवा दोरा हाय.”

“विमलताईनं ओवून देला.”

“विमलताईनं? त्या बसल्या आपल्या घरी?”

“बसल्या. बोटबी टोचून घेतलं.”

दीपमाला हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिने आईचा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला. तिथेच धरून ठेवला.

थोड्या वेळाने पोरीने दुपटं ओलं केलं. सत्यशीलेने ते नळाखाली धुतलं, पिळलं नाही, नुसतं हाताने दाबून पाणी काढलं, आणि मागच्या अंगणातल्या दोरीवर घातलं. शेजारी कोणाच्या चादरी होत्या, कोणाचा टॉवेल. पाणी भरायला आलेली एक बाई थांबली.

“छान हाय. कोनाचं हाय हो?”

“माह्या नातीचं.”

वारा सुटला तसं दुपटं दोरीवर फुगलं. सत्यशीलेने त्याचं एक टोक हातात धरलं. सावली दोन पावलांवर होती. ती तिकडे गेली नाही, उन्हातच उभी राहिली.