हात वर केला की थांबायचं

वायरमनच्या पिशवीत वायर सोलायची पक्कड होती, चांगली लाल मुठीची, आणि ती कायम नवीकोरी असायची. कारण हा गडी वायर दातांनी सोलायचा. डावीकडच्या दाढेत टोक धरायचं, मान हिसडायची, की प्लास्टिकचं साल बाहेर. बायकोनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तेव्हापासून एकोणीस वर्षं ती सांगत होती आणि एकोणीस वर्षं तो म्हणत होता, "अगं, पक्कड शोधेपर्यंत माझं काम होऊन जातं." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

बाकी कामात माणूस चोख. आधी टेस्टर लावणार, मगच तारेला हात. कुणी सारखा फ्यूज उडतो म्हणून जाडजूड तार घालून ठेवलेली दिसली, की त्या घरमालकाची शाळाच घ्यायचा. "दिवा लागला म्हणजे झालं का सगळं ठीक? बिघाड आत आहे, तो शोधायला नको?" लोक त्याला टरकून असत आणि बोलवायचेही त्यालाच.

तर अशा माणसाची दाढ दुखायला लागली.

पहिले दोन दिवस लवंग झाली. मग मिठाच्या गुळण्या. मग औषधाच्या दुकानातल्या, दुखणं दाबायच्या गोळ्या. चौथ्या दिवसापासून तो गार भिंतीला गाल लावून बसायला लागला. चहाचा घोट घेतला की ठणका जबड्यातून थेट कानात जायचा आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. ब्रेड दुधात भिजवून उजव्या बाजूनं कसाबसा गिळायचा. "डॉक्टरकडे चला," बायको म्हणायची. "उद्या," तो म्हणायचा. तो उद्या काही उजाडेना.

बायको एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. दिवसभर दाखले लिहायचे, पोरांची आणि त्यांच्या आईबापांची गाऱ्हाणी ऐकायची. बहाणा कुठला आणि खरं कुठलं, हे तिला बसल्या जागी कळायचं. पण नवऱ्याचं तिला कोडंच उलगडेना. सुईला घाबरतो म्हणावं, तर हा दरवर्षी रक्त देऊन येतो. दुखण्याला घाबरतो म्हणावं, तर एकदा विजेचा झटका खाऊन शिडीवरून पडला होता आणि वर हसत उठला होता. मग दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की याचा चेहरा असा का उतरतो?

शेवटी सहाव्या दिवशी तिनं कपाट उघडलं. तिच्या स्वतःच्या खोकल्याच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या. खोकला थांबला म्हणून तिनं त्या अर्ध्यावरच सोडल्या होत्या. त्या तिनं नवऱ्याला दिल्या, स्वतःच्या हातानं. पुढे तिनं यावरून स्वतःला फार बोल लावला, पण त्या दिवशी तिला वाटलं, औषध ते औषध.

आणि काय आश्चर्य! सातव्या दिवशी सकाळी वायरमन शीळ घालत आंघोळीहून आला. ठणका नाही, काही नाही. त्यानं कडक टोस्ट डाव्या बाजूनं कराकरा चावून दाखवला. "बघ," तो म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला." तिनंही त्याला टाळी दिली. उरलेली एक गोळी परत कपाटात गेली.

आता याला काय म्हणावं? दिवा लागला म्हणजे सगळं ठीक झालं असं समजू नका, हे ज्यानं अख्ख्या गावाला ओरडून सांगितलं, त्यानंच स्वतःच्या दाढेबाबत तसं समजून घेतलं. आणि एकोणीस वर्षं त्याचं व्याख्यान ऐकलेल्या बायकोनंही मान डोलावली.

दोन दिवसांनी, शाळेची मधली सुट्टी चालू असताना, तिचा फोन वाजला. वायरमनबरोबर काम करणारा सुतार बोलत होता. "वहिनी, तुम्ही इकडे या बरं. वायरमन ऐकत नाही कुणाचं. त्याचं तोंड बघा येऊन."

एका नव्या ऑफिसच्या इमारतीत त्यांचं काम चाललं होतं. ती पोचली तेव्हा वायरमन तिसऱ्या मजल्यावर वायरच्या बंडलावर बसला होता, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून. तिनं मफलर ओढला. डावा गाल टम्म फुगून जबड्याखालपर्यंत उतरला होता, कातडी तुकतुकीत, लालभडक. कपाळ तव्यासारखं तापलेलं. शेजारी प्लास्टिकचा डबा होता आणि तो त्यात थुंकत होता, कारण गिळताना दुखत होतं.

"आ करा."

त्यानं आ केला. जेमतेम एक बोट जाईल एवढा.

"म...माशी चावली," तो दात न उघडता म्हणाला.

"आतून चावली का?" ती कडाडली. सुतार तोंड फिरवून हसला, पण तिला हसू येत नव्हतं.  गेल्याच वर्षी शाळेतल्या शिपायाचा भाऊ दाताच्या पुवावरून अतिदक्षता विभागात गेला होता. सूज गळ्यात उतरली आणि श्वास अडकला. तो वाचला, पण महिनाभर तिथेच होता. "उठा," ती म्हणाली. "एक शब्द बोलायचा नाही. मला तुम्ही हवे आहात, धडधाकट हवे आहात. कळलं?" असं ती कधी बोलायची नाही, त्यामुळे तो निमूट उठला.

मोठ्या दवाखान्यात दातांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. चौदा नंबर मिळाला. बारावा आत गेलेला. तिनं त्याला बाकावर बसवलं आणि ती केसपेपर करायला खाली गेली. तिथे ही लांब रांग. वीस मिनिटांनी धापा टाकत वर आली, तर नवरा जिथल्या तिथे बसलेला आणि दाराशी एकोणीस नंबर पुकारला जात होता.

"झालं का तुमचं?"

त्यानं मान हलवली. नाही.

शेजारच्या आजोबांनी खुलासा केला. "फार सज्जन माणूस आहे हो तुमचा. मला म्हणाले, तुम्ही आधी जा, मला घाई नाही. माझं होऊनसुद्धा आलं. त्या बाईंनापण तेच. चार-पाच जणांना सोडलं बघा."

आता मात्र तिचा तोल सुटला. "घाई नाही? गळ्यापर्यंत सूज आलीये आणि तुम्हाला घाई नाही? दानधर्म करायला हीच जागा सापडली? मी काय मूर्ख म्हणून रांगेत उभी होते?" अख्खा बाक ऐकत होता. बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "काय आहे ते एकदा सांगून टाका ना हो. कशाला घाबरता एवढे?"

 वायरमन जमिनीकडे बघत, दातांच्या फटीतून तुटक तुटक बोलायला लागला. अकरा वर्षांचा होता तेव्हा. अशीच दाढ, असाच गाल. वडील घेऊन गेले होते. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि लगेच चिमटा घातला. भूल चढलीच नव्हती. तो ओरडला. डॉक्टर म्हणाला, इंजेक्शन दिलंय, दुखणं शक्यच नाही, नाटकं करू नकोस. वडिलांनी डोकं धरलं, कंपाउंडरनं पाय. दाढ निघेपर्यंत धरून ठेवलं. घरी जाताना वडील म्हणाले, चारचौघांत लाज आणलीस.

"खरंच दुखत होतं गं," तो म्हणाला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण अकरा वर्षांच्या पोरासारखा म्हणाला.

 एकोणीस वर्षांत यातलं एक अक्षर त्यानं सांगितलं नव्हतं. तिनं त्याचा हात घट्ट धरला, दारावर थाप मारली आणि नंबरबिंबर न बघता त्याला आत घेऊन गेली.

डॉक्टरीण वयानं लहान होती, बोलायला फटकळ. गालाकडे बघताच तिनं हातातलं काम दुसऱ्या डॉक्टरकडे दिलं. "हे चौदा नंबर ना? दोनदा पुकारलं मी! कुठे होतात?" ताप बघितला, गळ्याखाली दाबून बघितलं, श्वास घ्यायला त्रास होतो का विचारलं, दाढेचा एक्स-रे काढला. वायर सोलायच्या त्याच दाढेला उभी चीर होती आणि मुळाशी पुवाची पिशवी.

"पण दुखायचं थांबलं होतं हो मधे," बायको म्हणाली.

"थांबणारच. आतली नस मेली. दुखतंय हे सांगणारंच कुणी उरलं नाही. पू मात्र वाढत होता." मग गोळ्यांचं ऐकल्यावर तिनं दोघांकडे आळीपाळीनं असं बघितलं, की रोज शाळेत दुसऱ्यांचे बहाणे पकडणाऱ्या बायकोचीच मान खाली गेली. "उरलेल्या तीन गोळ्यांनी काय होतं, ताई? जंतू हसतात. आज पू काढायला हवा, आत्ताच. आणि दोन दिवस इथे राहायचं, औषध शिरेतून द्यावं लागेल. आणखी उशीर केला असता तर मी काही करू शकले नसते."

वायरमन खुर्चीवर बसला होता, पण दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून. पांढराफटक पडलेला. तेव्हा बायकोनं मघाशी ऐकलेलं सगळं डॉक्टरणीला सांगून टाकलं. त्यानं डोळे मिटून घेतले. आता हीसुद्धा हसेल, असं त्याला वाटलं असणार.

डॉक्टरीण हसली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. "काका, पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही. हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात. तुम्ही नाटक करत नव्हता. तुम्हाला खरंच दुखत होतं. चूक त्या डॉक्टरची होती."

वायरमननं डोळे उघडले. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आता नीट ऐका. मी भूल लांबून देणार, जिथून नस येते तिथे. मग थांबणार. मग टोचून बघणार. बघितल्याशिवाय हात लावणार नाही. तुम्ही हा हात वर केला, की मी थांबणार. का, कशाला, काही विचारणार नाही."

टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं मान हलवली.

तिनं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटं थांबली. मग तिनं अणकुचीदार सळईचं टोक हिरडीला लावलं आणि वायरमनचा हात ताडकन वर गेला.

डॉक्टरीण थांबली. सळई ट्रेमध्ये ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले. "अजून आहे. बरं झालं सांगितलंत. आणखी एक देते."

बायको कोपऱ्यात उभी होती. तिनं बघितलं, नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि त्याचा हात अजून हवेतच होता. दुखण्याचं पाणी तिला ओळखू येत होतं, गेला आठवडाभर तेच बघितलं होतं तिनं. हे ते नव्हतं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर त्यानं हात खाली ठेवला आणि तो खालीच राहिला. पू निघाला तेव्हा खोलीभर अशी घाण सुटली, की बायकोनं पदर नाकाला लावला आणि देवाचे आभारही मानले. वायरमनला विचारलं तर म्हणाला, "दुखलं नाही. खरंच नाही." हे त्यानं वॉर्डात जाईपर्यंत चार वेळा सांगितलं, एकदा लिफ्टमनलाही.

दोन दिवसांनी घरी आला तेव्हा सूज अर्धी उतरली होती. चौथ्या दिवशी तो चांगलाच चालता-बोलता झाला, तेव्हा बायको टपून होती, आता हा गोळ्या सोडतो का बघूया. त्यानं पाकीट हातात घेतलं, तिच्याकडे बघितलं, म्हणाला, "बघतेस काय, पाणी दे," आणि गोळी घेतली. शेवटच्या गोळीपर्यंत एकही चुकली नाही.

पंधरवड्यानं दाढेच्या मुळांची सफाई करायला बोलावलं होतं. चीर खोल गेली नव्हती, दाढ वाचणार होती. आदल्या दिवसापासून धास्ती बायकोलाच. एकदा झालं ते झालं, पण परत त्या खुर्चीत बसेल का हा? तिनं मुद्दाम रजा काढली. बसस्टॉपवर त्याचं कोपर धरून ठेवलं.  नंबर पुकारला तसा वायरमन उठून आत गेला. कुणाला पुढे सोडलं नाही.

ती बाहेर बाकावर बसली. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग घरघर थांबली.  अर्धा तास झाला तेव्हा दार किलकिलं झालं आणि डॉक्टरणीनं मास्क खाली ओढून तिला बोटानं बोलावलं.

"काय झालं? हात वर केला का त्यांनी?"

"शू. या, बघा."

खुर्ची पार मागे झुकवलेली होती. तोंडावर रबराचा पडदा ताणून बसवलेला, दिव्याचा झोत डोळ्यांवर, आणि वायरमन खुशाल घोरत होता. हात पोटावर सैल पडलेले. चप्पल एका पायातून निसटून खाली गेली होती.

"उठवू का?" बायकोनं विचारलं.

"कशाला? माझं काम चालू आहे," डॉक्टरीण कुजबुजली. "तुम्ही बसा बाहेर."

ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिला जे रडू कोसळलं, ते काही केल्या आवरेना. शेजारी गालाला रुमाल धरून बसलेली एक बाई घाबरून सरकली. "अहो ताई, आत एवढं दुखवतात का हो?"

"नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली. "आमचे मिस्टर आत आहेत. झोपलेत."