श्रीरंगचे दीड पान

दिनांक १९ नोव्हेंबर २०१७, रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: कांचघर, जबलपूर, माझ्या घराची पुढची खोली. आमची मराठी शाळा बंद होऊन अकरा वर्षे लोटली होती, आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या जीवनकथांचा ग्रंथ दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यावयाचा होता. सदतीस कथा सिद्ध होत्या. अडतिसावी माझ्या मुलाची, श्रीरंगची.

ग्रंथाचे नियम मीच केले होते. पहिला असा, की कथा मराठीतच हवी. ज्या शाळेने अक्षर दिले तिची आठवण तिच्याच भाषेत लिहावी, हे मला निर्विवाद वाटे. त्या नियमाने मी भैयालालला परत पाठवले. तो सायकली दुरुस्त करतो, सातवीपर्यंत आमच्याकडे होता, आणि त्याने चार पाने हिंदीत लिहून आणली होती. पाऊण तास वाद झाला. मी जिंकलो.

श्रीरंग गुवाहाटीला रेल्वेत आहे. गेल्या चार दिवाळ्या तो आलेला नाही. फोनवर तो माझी प्रकृती विचारतो, मी तिकडचा पाऊस विचारतो, आणि मग दोघेही दुसऱ्याने फोन ठेवण्याची वाट पाहतो. सहा महिने मागे लागल्यावर त्याने आठ मिनिटांचे बोलणे मोबाइलवर पाठवले. सगळे हिंदीत. ते मी बावीस वेळा ऐकले. लिहून घेण्यास तीन वेळा पुरेशा होत्या. त्याचे मी दीड पान मराठी केले. ग्रंथ हाती पडला की तो ते पान वाचील आणि स्वतःहून फोन करील, एवढीच माझी अपेक्षा होती.

कलावती माझी जुनी विद्यार्थिनी, टपाल खात्यातून निवृत्त झालेली. ग्रंथाचे टंकलेखन तिचे. तिने पान वाचले.

“छान आहे. एकदम तुमच्यासारखं.”

“निर्दोष आहे, इतकेच म्हण.”

“अच्छा, त्याचं बोलणं ऐकवता का, सर?”

ऐकवण्याचे प्रयोजन नव्हते; तरी मी ऐकवले. पाचव्या मिनिटाला श्रीरंग हसत म्हणाला, “स्कूल में बाबा को सर बोलना पड़ता था। फिर घर में भी सर ही निकलने लगा। एक बार बुखार में पानी माँगा, तब भी सर बोला। पानी दिया उन्होंने, और बोले, पूरा वाक्य बोलो। अब फोन पे क्या बुलाऊँ, समझ नहीं आता। तो कुछ नहीं बुलाता।”

कलावतीने मोबाइल थांबवला.

“हे कुठं आहे यात?”

“ते कौटुंबिक आहे. ग्रंथ शाळेचा आहे.”

“शाळेचंच तर आहे! काहून कापलं?”

मी तीन कारणे दिली: प्रमाण, औचित्य आणि नियम. तिने ती बोटांवर मोजली.

“माझ्या बापाच्या कपड्यांना फॅक्टरीच्या तेलाचा वास यायचा, ते मी लिहिलं होतं. तुम्ही काढलं. मी गप्प बसली. तुमच्याशी कोण वाद घालते, बाप्पा! पण श्रीरंगचं बोलणं जसंच्या तसं, हिंदीतच छापा.”

“हिंदी चालवायची म्हटले, तर नियमाचे काय?”

“मंग भैयालालचंही घ्या लागेल,” ती म्हणाली. “मी जातो त्याच्याकडे सांगायला.”

“सांगा लागेल ते मलाच,” मी म्हणालो. तिच्या बोलीत बोललो हे माझ्या ध्यानात उशिरा आले.

मी दीड पान पुन्हा वाचले. चूक एकही नव्हती. ‘पूज्य वडील’ दोनदा आले होते. त्यांना हाक मात्र कोणी मारलेली नव्हती. कलावतीच्या उत्तरपत्रिका मी पाच वर्षे तपासल्या होत्या. ते दीड पान मी तिच्यापुढे सरकवले.

“आता तू तपास. कसे आहे?”

तिने ते उलटे करून टेबलावर ठेवले.

“यात श्रीरंग नाही, सर. हे छापू नका.”