पुलाखालची झोप

झोपलेल्या माणसाला दर मिनिटाला हलवून "झोप लागली का?" असं विचारत राहिलं, तर त्याचं काय होईल? आमच्या पुलाखालच्या सेन्सरचं पहिल्या वर्षी नेमकं तेच झालं. पुलाला कुठे तडा जातोय का, हे कळावं म्हणून ते बसवले होते. बॅटरी दहा वर्षं पुरावी असा माझा हिशेब होता. पण साहेबांना ऑफिसच्या दारातच मोठा स्क्रीन हवा होता आणि त्यावर सतत नाचणारी रेघ. रेघ नाचवायची तर सेन्सरने अखंड बोलत राहायला हवं, आणि त्यांची बॅटरी संपते ती बोलण्यातच. वर्षाच्या आत सगळे गार पडले.

बॅटऱ्या बदलायला नदीवर दोराला लोंबकळत कोण जातं? माझा धाकटा भाऊ. उंचावरची कामं हाच त्याचा धंदा. त्या खेपेला त्याचा खांदा निखळला. भावजय माझ्याशी महिनाभर बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, की ताई, त्यांना पुन्हा तिथे उतरवू नका. मी शब्द दिला.

म्हणून मी सगळ्या सेन्सरना झोपायला शिकवलं. दिवसातून एकदा डोळे उघडायचे, "ठीक आहे" म्हणायचं, पुन्हा झोपायचं. नेहमीच्या गाड्यांकडे लक्ष द्यायचं नाही. जोरदार हादरा बसला तरच जागं व्हायचं. आता बॅटऱ्या मलाही पुरून उरल्या असत्या.

स्क्रीनवरची रेघ मात्र सरळ झाली. साहेबांनी ती पाहिली आणि सेन्सर मेले असं जाहीर करून टाकलं. मी समजावलं, चित्र काढून समजावलं, रोज येणारे निरोप दाखवले. एवढं भिंतीशी बोलले असते तर तीही हलली असती. शेवटी, ऑफिसात पाहुणे येणार म्हणून, त्यांनी मला न सांगता परस्पर माझ्या भावालाच बॅटऱ्या बदलायला बोलावलं. कामाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नाही.

मला कळलं तोवर तो कठड्याखाली उतरला होता. मी धावत पुलावर पोचले, तर साहेब मोबाईलवर तीच रेघ न्याहाळत उभे. माझं डोकं तापलं होतं. भावाने खालूनच मला फोन लावला.

"ताई, बॅटरी तर भरलेली आहे."

"हात लावू नकोस. वर ये."

पण उघडलेलं झाकण परत बसेना, म्हणून त्याने डब्यावर दोन ठोसे हाणले. सेन्सर दचकून जागा झाला. साहेबांच्या मोबाईलवर रेघ टुणकन उडाली आणि त्यांचा चेहरा उजळला. झाला दुरुस्त, म्हणाले. तो बिघडलाच नव्हता हे ऐकायला त्यांना सवड कुठे होती? पाहुणे दर सोमवारी येतात, तर दर सोमवारी माझ्या भावाने उतरून दोन ठोसे मारायचे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

भाऊ खांदा चोळत वर आला. मी त्याच्या कमरेचा पट्टा सोडला आणि दोरासकट साहेबांच्या हातात दिला.

"सोमवारी तुम्हीच उठवा त्याला."

साहेब हसले. मी हसले नाही. मग त्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच, आणि दोन पावलं मागे सरकले.

"रेघ सरळ असली तरी चालेल," ते म्हणाले.

मला हुश्श म्हणायलाही वेळ मिळाला नाही. भाऊ कानाशी येऊन म्हणाला, "ताई, घरी यातलं काही बोलू नकोस." माझ्या हातातला फोन वाजत होता, आणि त्यावर भावजयीचं नाव होतं.