चंचीत बसंल असा फोन

आमचा म्हातारा मुलखाचा घुम्या. लगनात अंतरपाटापलीकडं जो गप उभा राहिला, त्यो जन्मभर तसाच. मी बोलायची अन् त्यो हूं म्हणायचा. मेंढरं कुटं न्यायची? हूं. पोराचं लगीन करायचं का? हूं. माझ्या तोंडाचा पट्टा सकाळी चुलीपाशी सुरू व्हायचा, त्यो मेंढरं बसली तरी चालूच. बाया म्हणायच्या, म्हाळसाबाय, दोघांचं तू एकटीच बोलतीस की. म्हटलं, मग काय करू? घरात कुणीतरी बोलाय नगं व्हय?

उन्हाळा लागला की आमी दोघंबी मेंढरं घिऊन उजनीच्या पाण्याकडं जायचो. धरणाचं पाणी मागं सरलं की तितं हिरवं गवत येतं, अन् लेंडीखतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवाय बोलवत्यात. औंदा माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. उठाय गेलं की आय आठवायची. डॉक्टर म्हणला, मावशी, आता चालणं बंद. म्हातारा म्हणला, हूं, अन् एकटाच जायची तयारी करू लागला.

मला लई घोर लागला. ह्यो माणूस ताप आला तरी सांगत न्हाय. पायात काटा मोडला तर म्या रगत बगून इचारायचं, तवा कळायचं. रानात एकटा पडला तर कुणाला हाक मारंल? हाक मारायला तोंड उघडावं लागतं की! म्हटलं, ते काय न्हाय, ह्येला फोन घ्यायचा. दुसरं काय नगं. त्येला काय झालं तर त्येच्या तोंडचा शब्द माझ्या कानावर याय पायजे, येवढंच.

आमचं पोरगं माउली पुण्याला कंपनीत हाय. त्यो म्हणला, आई, मोठ्या स्क्रीनचा टच घिऊन दितो, नातीचं तोंड दिसंल त्यात. म्हटलं, बाबा, नाकापरीस मोती जड नगं. ज्याला घड्याळ कळत न्हाय त्येला टच कळतुया व्हय? बटणाचा साधा बास झाला.

मग म्हाताऱ्याला धरून नातेपुत्याला गेले. स्टँडापाशी रेश्माचं मोबाईलचं दुकान हाय. पोरगी गोड बोलती, पर इकती काय वाट्टेल ते, म्हणून मी पदर खोचूनच आत शिरले.

तिनं पयला फोन काढला त्यो साबणाच्या वडीयेवढा जाड. म्हणली, "आजी, हा घ्या. बटणं मोठी, आवाज मोठा. म्हाताऱ्या माणसांसाठीच येतो."

"अगं पर ह्यो ठिवायचा कुटं?"

"खिशात."

"खिसा! त्या बंडीच्या खिशाला तळ हाय का बग आदी."

ह्या माणसाची तऱ्हा तिला काय ठावं? घोंगडं झाडाखाली इसरलं, पटका इहिरीवर इसरला, एकदा तर मलाच बाजारात इसरून घरी आला. जन्मात इसरला न्हाय ती येकच वस्तू, तंबाखूची चंची. ती कमरंला असायची, झोपला की उशाला. म्हणून म्या ठरवूनच आल्ते. चंचीत बसंल असाच फोन घ्यायचा. चंची इसरत न्हाय, मंजी फोनबी इसरणार न्हाय.

म्या म्हाताऱ्याच्या कमरंची चंची सोडली अन् काचंवर ठिवली. रेश्मा एक एक फोन काढायची अन् मी चंचीत कोंबून बगायची. एक शिरला पर चुन्याची डबी भाईर आली. एकानं नाडीच तुटाय आली. दुकानातली गिऱ्हाइकं आपली कामं सोडून बगाय लागली. रेश्माला हसू आवरंना. म्हातारा भिंतीवरचं कॅलेंडर बगत हुबा, जसा काय फोन दुसऱ्याच कुणाला घ्यायचाय.

शेवटी तिनं खालच्या खणातनं एक काळा फोन काढला. चपटा, हलका. तळहातावर ठिवला तर हाय का न्हाय कळंना. तंबाखू आन् डबीच्या मदी अलगद बसला. फुडं बॅटरी, मंजी अंधारात मेंढरू बगाय बरं. रेडिओ हाय. येकदा चार्जिंग केलं की चार दिवस बगाय नगं. पैशाचं बी जमण्यासारखं.

"ह्योच दे," म्हटलं.

रेश्मानं कार्ड घातलं, रिचार्ज मारला. म्हणली, "आजोबा, दोन नंबरचं बटण दाबून धरा. आजींना फोन लागेल."

पातळ फोनाची बटणं बी बारकी, तांदळाच्या दाण्यावानी दाटीनं बसल्याली. म्हाताऱ्यानं अंगठा टेकला की एका दमात तीन बटणं दाबायची. फोन नुस्ता कुईकुई करायचा. पुन्यांदा दाबलं, पुन्यांदा तेच. माझं डोस्कं फिरलं. म्हटलं, अवं, मेंढराच्या अंगावरली गोचीड बरी सापडती तुमाला! पालथ्या घड्यावर पाणी.

रेश्मालाच कीव आली. म्हणली, "राहू द्या. हे हिरवं बटण तेवढं मोठं आहे. हे दोनदा दाबायचं. शेवटचा फोन ज्याला केला असेल त्यालाच परत लागतो. तुम्ही आजींशिवाय कुणाला फोन करणार?"

म्हातारा म्हणला, "हूं."

तितंच बसून तिनं माझ्या नंबरला फोन लावून दिला, अन् मग म्हाताऱ्यानं हिरवं बटण दोनदा दाबलं. माझ्या पिशवीत फोन वाजला. म्हातारा हसला. लई दिसांनी हसताना दिसला मला त्यो.

मेंढरं गेली. रोज सांजच्याला मी फोन लावायची.

"जेवला का?"

"हूं."

"अवं, काय जेवला?"

"भाकरी."

दोन-तीन दिसांनी त्यो सोताहून फोन करायचा. मी आपली धावत पळत, गुडघा धरत फोन घ्यायची. "काय वो? काय झालं?"

"काय न्हाय."

"मग फोन कशाला लावला?"

"लागतुया का बगितलं."

आता अशा माणसाला काय म्हणावं! मी चिडायची, वराडायची, अन् त्यो हूं म्हणून ऐकायचा. पर खरं सांगते, फोन ठिवला की मला बरं वाटायचं. हिरवं बटण त्येला बराबर जमलं होतं.

एकदाच त्यो जरा बोलला. म्हणला, "हितं बिरप्पा म्हणून हाय. अक्कलकोटाकडला. त्येचीबी मेंढरं हायती. कानडी बोलतुया." म्हटलं, झ्याक झालं. त्यो कानडीत गप बसंल, तुमी मराठीत गप बसा. मला वाटलं त्यो हसला. फोनात काय दिसतंय व्हय?

चैत सरायच्या टायमाला एका दुपारी म्हातारा गेला. भरल्या उन्हात, बाभळीखाली. बिरप्पा गावात पीठ आणाय गेल्ता. माघारी येऊन बगतुया तर म्हातारा बुंध्याला टेकून बसल्याला, मेंढरं सगळी भवतीनं गोळा झाल्याली. चंची मांडीवर सोडल्याली अन् फोन हातात. फोन बंद पडल्याला. ज्याच्या केळीच्या रानात मेंढरं बसवली हुती त्या मालकानं आमच्या गावात निरोप धाडला अन् टेम्पोतनं म्हाताऱ्याला घरी आणलं.

बिरप्पा संगं आला. मोडक्या मराठीत माझ्याम्होरं रडला. म्हणला, "आई, माझं फोन धरणात पडलं आठ दिसापूर्वी. त्या दिशी सकाळीच अण्णाचं फोन घिऊन मी घरी बायकोला बोललो. तवा अण्णा चांगला होता." मग त्यो मेंढरांकडं माघारी गेला. आमची बी मेंढरं त्येच्याच भरवशावर.

लोकं रडत होती. माउली रडत होता. मला रडू येईना. माझ्या डोस्क्यात एकच कुरतडत होतं. फोन हातात होता. चंचीतनं काढून हातात धरला होता. मग मला का न्हाय लागला? मी त्या दिशी दुपारी घरीच होते, फोन माझ्या उशाला. वाजला न्हाय. दोनदा दाबायचं येवढंच तर होतं. का मला फोन करावाच वाटला न्हाय त्येला? सगळा जन्म भांडलीस, म्हणून मरतानाबी तुझा आवाज नगं झाला त्येला, असं मलाच मी म्हणायची.

राख सावडून आले अन् त्यो फोन घिऊन तडक नातेपुत्याला निघाले. बाया म्हणल्या, अगं, सुतकात बाई भाईर पडती व्हय? म्हटलं, पडती.

रेश्माच्या दुकानात शिरले अन् फोन काचंवर आदळला. "तुझा ह्यो फोन लबाड हाय! माणूस मेला पर फोन लागला न्हाय. का इकलास मला असला?" तोंडाला येईल ते बोलले. पोरगी उलटून बोलली न्हाय. माझ्या कपाळाकडं बगितलं अन् तिच्या ध्यानात आलं. तिनं मला टेकाय स्टूल दिलं, फोन चार्जिंगला लावला अन् त्यो सुरू व्हायची वाट बगत माझ्यापाशी हुबी राहिली.

फोन उजळला. तिनं बटणं दाबली. मग हळू म्हणली, "आजी, फोन लागला होता."

"कुणाला?"

"हा तुमचा नंबर नाही. सकाळी ह्याच नंबरला एक फोन झालाय. दुपारी परत त्यालाच. दुपारचा बराच वेळ चाललाय."

सकाळी बिरप्पानं बायकोला फोन केल्ता. म्हाताऱ्यानं दुपारी हिरवं बटण दोनदा दाबलं. अगदी बराबर दाबलं, शिकवलं तसं. अन् फोन गेला अक्कलकोटाकडं.

"लाव," म्हटलं. "त्याच नंबरला लाव."

रेश्मानं लावला अन् माझ्या कानाला धरला. पलीकडनं बाईचा आवाज आला, उतावळा. "हलो? अज्जा? आराम अदीरी, अज्जा?"

म्हाताऱ्याचा नंबर बगून तिला वाटलं, त्योच बोलतुया.

म्हटलं, "अज्जा न्हाय. अज्जाची बायकू."

"हां हां! मी बिरप्पाचं हेंडती, बायको, मायव्वा. मराठी थोडं थोडं येतंय. अज्जा कसं हाय आता?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्या ते तसंच ठिवून इचारलं, "बाई, त्या दिशी दुपारी त्येनं तुला फोन केल्ता?"

"केलं की. मी कोण कोण म्हटले, अज्जा ऐकलंच नाई, बोलाय लागलं. लई बोललं. आवाज बारीक. दम लागत होतं."

"लई बोललं?"

"लई. थांबतंय, परत बोलतंय. मला मराठी असं घाईत कळत नाई, आई. पण माझ्या बापासारखं आवाज. असं माणूस बोलताना मधीच कसं ठेवायचं? अज्जा बोललं, मी हूं म्हटले. परत बोललं, मी परत हूं म्हटले."

जो माणूस जन्मभर हूं म्हणत आला त्यो लई बोलला म्हणं. अन् जिला मराठी कळत न्हाय ती त्येला हूं म्हणत होती.

"काय म्हणला गं? एखादा तरी शब्द सांग माझे बाई."

ती आठवाय लागली. "म्हाळसा म्हटलं. लई बार म्हटलं, म्हाळसा, म्हाळसा. अन् गुडघा म्हटलं. गुडघा कळतंय मला, माझ्या सासूचं दुखतंय की. बाकी नाई कळ्ळं."

छाती त्येची फुटत होती, अन् त्यो माझा गुडघा इचारत होता. मला तवा रडू फुटलं. दुकानात, लोकांत, तोंडाला पदर लावून मी रडले. फुडं काय म्हणला असंल? लेप लाव म्हणला का, मेंढरं इकून टाक म्हणला, का आणिक काय? त्येच्या एका वाक्यासाठी म्या सगळा संसार वाट बगितली. ती वाक्यं त्येनं बोलली, अन् ती आता कुटंच न्हाईत. ती ज्या कानात पडली त्या कानालाबी ठावं न्हाईत.

"मग शेवटाला?" म्या कसंबसं इचारलं.

"शेवटाला अज्जा गप. नुसतं मेंढरांचं आवाज. मला वाटलं झोप लागलं. तरी मी ठेवलं नाई. हूं, हूं म्हटले. मग फोनच बंद झालं."

म्हटलं, "कसं म्हणलीस गं? मला म्हणून दाव की."

तिला नवल वाटलं असंल. पर म्हणली, "हूंऽ."

मऊ आवाज होता. लेकराला थोपटताना आई म्हणती तसा. म्हाताऱ्यानं माझ्याकडनं असा हूं जन्मात ऐकला न्हाय. पर त्येला कुटं ठावं होतं पलीकडं कोण हाय? हिरवं बटण दाबलं मंजी म्हाळसाच. त्येला वाटलं असंल, आज काय झालं बया, म्हाळसा मदी तोंड घालंना, भांडंना, गप बसून माझंच ऐकतीया. म्हणून तर बोलला असंल येवढं.

रेश्मा डोळं पुसत होती. फोनातनं मायव्वाचा आवाज आला, "आई? हाय का? अज्जा झोपलंय का?"

म्हटलं, "झोपलाय."

"झोपू द्या. उठल्यावर सांगा, मायव्वा इचारलं म्हणून. सांगा, मी मराठी शिकते. परत फोन करा म्हणावं, मग सगळं कळतंय मला."

माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या गावाला ठावं.

म्या म्हटलं, "हूं."