उष्टा धोटा

एक नणंद असली तरी बाईचा जीव मेटाकुटीला येतो. वहिनीला तीनशे होत्या. सख्खी एकच. पण ती गिरणीत वहिनीच्या शेजारच्याच मागांवर विणायची आणि दिवसभर "वहिनी, वहिनी" करायची. बघता बघता सगळं खातं तिला वहिनी म्हणू लागलं, तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकासुद्धा.

म्हणू लागलं म्हणजे ओठांनी. सहाशे माग एकदम खडखडायला लागले की तिथे हातभर अंतरावरून ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून बायका आवाज न काढताच बोलत, नुसते ओठ ठसठशीत हलवून. नवी मुलगी दोन महिन्यांत ही भाषा शिकायची. कुणाच्या बाळाला दात आला, कुणाचं लग्न मोडलं, ही बातमी खात्याच्या या टोकाकडून त्या टोकाला कुणीही आवाज न काढता पोचायची. मालक आणि मॅनेजर कधीमधी कानात कापूस घालून येत, दाराशी दोन मिनिटं उभे राहत आणि जात. बायकांचे ओठ सारखे का हलतात, असं त्यांना कधी वाटलंच असेल तर बिचाऱ्या गात असतील असं वाटलं असेल.

मागातून इकडून तिकडे पळतो तो धोटा. दीड वीत लांब, दोन्ही टोकांना निमुळता, लाकडी. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि कुशीला असलेल्या बारीक भोकातून दोरा बाहेर येतो. कांडी पाच-सात मिनिटांत संपायची. नवी घातली की भोकाला ओठ लावायचे आणि दोरा ओढून घ्यायचा, की लागला माग चालू. प्रत्येक दोऱ्याबरोबर तोंडात कापसाची भुकटी आणि तेलाची कडवट चव यायची. दिवसातून तीनशे वेळा. सोळा वर्षांत वहिनीचे पुढचे दोन दात झिजून अर्धे झाले होते, पण त्याचं तिला फार काही वाटत नव्हतं. सगळ्यांचेच झिजत.

त्या वर्षी मधल्या रांगेतली एक बाई खोकत खोकत घरी बसली. तिचे माग मॅनेजरने नणंदेला दिले. मागांबरोबर धोटेही आले, तेच. सहा आठवड्यांत नणंद खोकायला लागली. पोरीचं वय एकोणीस. हसताना सगळं घर दणाणून सोडणारी, आता दोन पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरने तिची छाती तपासली आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे हे?"

"कुणालाच नाही," वहिनी म्हणाली.

"मग कुणाचं उष्टं वगैरे खाल्लं का हिने?"

वहिनी 'नाही' म्हणणार, तोच तिला धोटा आठवला. मग म्हणाली, "रोज तीनशे वेळा."

घरी येऊन तिने नणंदेला अंथरुणावर निजवलं आणि सरळ सासऱ्यांपुढे जाऊन बसली. सासऱ्यांनी आयुष्यभर धोटेच केले होते. चाळीस वर्षं गिरणीच्या सुतारशाळेत काढून आता ओसरीवर बसून शेजाऱ्यांची स्टुलं दुरुस्त करायचे. बोलणं मोजकं.

"मामंजी, तोंड न लावता दोरा घालता येईल असा धोटा होतो का?"

"होतो."

"मग केला का नाहीत कधी?"

म्हाताऱ्याने हातातला रंधा खाली ठेवला. "कुणी विचारलं नाही, सूनबाई," तो म्हणाला. "आणि आम्हाला तो तोंडाला लावावा लागत नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोट्याच्या वरच्या कडेपासून भोकापर्यंत तिरपी चीर पाडली. अंगठ्याने दोरा चिरीत सरकवायचा, की तो आपसूक भोकात जाऊन बसणार. वहिनीने डब्याच्या पिशवीतून तो धोटा गिरणीत नेला. दुपारपर्यंत दोरा चौदा वेळा उसळून बाहेर आला. म्हाताऱ्याने चीर वाकडी केली. आता दोरा बसला, पण चिरीची धार ताण्याच्या उभ्या दोऱ्यांना लागून वीतभर कापड फाटलं आणि वहिनीला मॅनेजरची बोलणी खावी लागली. तिसऱ्यांदा सासऱ्यांनी धार घासून घासून गुळगुळीत केली, मेण चोळलं आणि स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली. तो धोटा सोमवारी मागात गेला आणि शनिवारपर्यंत एकदाही अडला नाही.

वहिनी तो घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेली.

"छान आहे," मॅनेजर म्हणाला. "पण वेळ जास्त लागणार. तोंडाने कसं, पापणी लवायच्या आत होतं. आणि बायकांना सवय आहे. त्यांना काही त्रास नाही."

"माझी नणंद अंथरुणाला खिळली आहे."

"हवा बदलली आहे यंदा," असं म्हणून त्याने कागदांत डोकं घातलं.

वहिनी बाहेर आली ती काहीतरी ठरवूनच. कारखाने तपासायला सरकारने एक अधिकारी नेमला होता. त्याला तिने पत्र लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत ते मागामागांवरून फिरलं. खाली दोनशे अठ्ठ्याऐंशी सह्या आणि अंगठे झाले. उरलेल्या बारा जणी घाबरल्या होत्या. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

महिन्याभराने तपासनीस आला. किडकिडीत, चष्मा, बोलणं हळू. त्याच्याबरोबर मालक स्वतः खात्यात आले. मॅनेजरने एक पैज मांडून ठेवली होती: सगळ्यांत चपळ विणकरीण तोंडाने वीस दोरे घालणार, वहिनी हाताने वीस. तपासनीसाने घड्याळ काढलं.

वहिनी हरली. फार नाही, दोन कांड्यांनी. तिला रडू आलं नाही, पण कानाच्या पाळ्या तापल्या. जिंकलेल्या बाईने भुकटी थुंकली आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

तरीही तपासनीसाने मालकांच्या कानाशी वाकून धोटे बदलायला सांगितलं. मालकांनी हसून मान डोलावली, हात मिळवला. तपासनीस वहीत लिहायला लागला, तसे मालक दोन पावलं मागे सरले आणि मॅनेजरच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. माग चालू होते. त्या गदारोळात शेजारचा तपासनीससुद्धा ते ऐकू शकत नव्हता.

वहिनीने ते स्वच्छ वाचलं. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या रांगेच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. म्हणजे त्यांनीही वाचलं होतं.

तिने दांडा ओढून आपले माग थांबवले. शेजारणीने तिचे थांबवले. मग पलीकडच्या रांगेने, मग मागच्या. काही क्षणांत सगळं खातं गप्प झालं. भर दिवसा तिथे अशी शांतता कुणीच कधी अनुभवली नव्हती. मालकांनी कानातला कापूस काढला.

"साहेब," वहिनी तपासनीसाला म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "मालक आत्ता म्हणाले, 'हो म्हणून टाकलंय. हा गेला की तो धोटा बॉयलरमध्ये घाल. आणि त्या बाईला शनिवारी घरी बसव.'"

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. मालक मात्र सावरले. "ही बाई तीस हात लांब होती," ते म्हणाले. "या आवाजात तिला ऐकू येणं शक्य तरी आहे का?"

"ऐकलं कुणी? आम्ही बघितलं," मागून कुणीतरी म्हणालं.

तपासनीसाने चष्मा पुसला. वहीचं पान फाडून त्यावर काहीतरी लिहिलं, घडी घालून मालकांच्याच हातात दिलं. मग म्हणाला, "माग चालू करा." पुन्हा सहाशे माग कडाडले. तो खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, बायकांकडे तोंड केलं आणि नुसते ओठ हलवले. चार-पाच शब्द. मग हात वर केला. माग थांबले.

जिंकलेली ती चपळ विणकरीण पुढे आली. "साहेब म्हणाले, 'सकाळपासून माझ्या बुटात खडा आहे.'"

मालकांनी कागद उघडला. बराच वेळ ते तो वाचत राहिले, जणू पानभर मजकूर होता. मग खात्यात जो हशा उठला तो सहाशे मागांनाही झाकता आला नसता. तपासनीस एका पेटीवर टेकला, बूट काढला आणि खडा झटकला.

त्याच पेटीवर वही ठेवून त्याने हुकूम लिहिला: तीन महिन्यांत सगळे धोटे बदलायचे, तोंडाने दोरा ओढणं बंद, पत्रावर सही करणाऱ्या कुणालाही कामावरून काढायचं नाही. खाली मालकांची सही घेतली.

सासऱ्यांना गिरणीने सुतारशाळेत बोलावलं. धुतलेला सदरा घालून म्हातारा रोज भोंग्याच्या आधी निघू लागला आणि पंधरा सुतारांना चिरीची धार गालावर तपासायला शिकवू लागला. अकरा आठवड्यांत काम फत्ते झालं. हाताचा सराव झाला तसा विणण्याचा वेगही पूर्वीइतकाच आला, कुठे कुठे जास्तच. नणंदेला बरं व्हायला पाच महिने लागले. पायऱ्या दमानेच चढायची, पण चढायची. हसणंही परतलं. त्या मधल्या रांगेतल्या बाईला मात्र उशीर झाला होता. तिच्या धाकट्या बहिणीने पहिला नवा धोटा मागून घेतला आणि खात्यातल्या प्रत्येकीने तो हातात धरून पाहिला.

मग बाहेरून निरोप यायला लागले. नदीपलीकडच्या गिरणीतल्या बायकांनी चिठ्ठी पाठवली: आमचा मॅनेजर ऐकत नाही, या.

सुट्टीच्या दिवशी तिघं निघाली. वहिनीच्या पिशवीत चार धोटे, सासऱ्यांच्या हातात हत्यारांची पेटी, नणंद मधे. फाटकावर रखवालदाराने अडवलं. "मॅनेजर कामात आहेत. भेट होणार नाही."

"होईल की," वहिनी म्हणाली. फाटकाच्या गजांतून तिला आतल्या कचेरीची काचेची खिडकी दिसत होती आणि खिडकीत फोनवर बोलणारा मॅनेजर. तिने डोळे बारीक करून क्षणभर पाहिलं. "दहा मिनिटांत मोकळे होतायत. तसं सांगताहेत कुणाला तरी."

सासऱ्यांनी पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. नणंद फाटकाला टेकून हसत राहिली. रखवालदाराने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि किल्ली काढली.