थंडीची तालीम

शालिकरामने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि बॅग पाठीवर चढवली. बॅगेत तुरीची डाळ होती. बाहेर मे महिन्याची दुपार अशी पेटली होती की रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते आणि कुत्री पाण्याच्या टँकरखालून हलायला तयार नव्हती. शेजारी देवकी तशाच जॅकेटात, तशाच बॅगेखाली उभी होती. तिच्या बॅगेत तांदूळ होते.

"भाऊ, चालले कुठं म्हणायचं?" कोल्ड स्टोरेजच्या जाड दाराचा दांडा हातात धरून नत्थूजीने विचारले.

"हिमालयात."

"बरं," नत्थूजी म्हणाला. शालिकरामचा मिरचीचा माल त्याने वर्षानुवर्षे सांभाळला होता. व्यापाऱ्यांना प्रश्न विचारू नयेत एवढे तो शिकला होता. "मी दाराशीच आहो. परत यायचं झालं तं ठोका."

हिमालय सुरू झाला होता तो एका फोटोपासून. देवकीची भाची ऋतुजा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती आणि सुट्या मिळाल्या की डोंगरात पळत होती. तिने आत्याला मोबाइलवर एक तलाव दाखवला. भोवती उघडे कातळ, वर बर्फ, आणि मधे पाणी असे की जणू कुणी आभाळाचा तुकडा कापून तिथे ठेवून दिला आहे. गाडीरस्ता संपल्यावर चार दिवस चढत जावे लागते, असे ऋतुजा म्हणाली.

"अन् तिथं कोणी राहत नाई?"

"कोणीच नाही, आत्या."

"आवाज?"

"कसला आवाज?"

देवकीने मोबाइल हातात घेऊन तो फोटो पुन्हा पाहिला. तिचा जन्म उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातला, मागावरच्या धोट्याच्या खटखटीत. लग्न होऊन ती लकडगंजात आली, तर घराच्या भिंतीला भिंत लावून लाकूड कापायची आरामशीन. माहेरी खटखट आणि सासरी किरकिर, एवढाच काय तो बदल. त्या दिवशी भाची गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मले तिथं जायचं आहे." साडी, दागिना, काशी-रामेश्वर, यांतले काहीच तिने कधी मागितले नव्हते. त्यामुळे नाही कसे म्हणायचे असते, हे शालिकरामला ठाऊक नव्हते. ऋतुजाच्या मंडळींबरोबर दोघांनी जायचे ठरले.

त्याने तयारी मात्र झोकात मांडली. नागपुरात चढण्यासारखे फारसे काही नाही. टेकडीच्या गणपतीला जाताना टेकडी लागते असे म्हणतात, पण शालिकराम जन्मभर जात होता आणि त्याला ती लागली नव्हती. म्हणून दोघे पाठीवर किराणा घेऊन पहाटे उड्डाणपूल चढू लागले. स्कूटरवाले थांबून "काका, गाडी बंद पडली का?" म्हणून विचारत. तर्री-पोह्याच्या टपरीवर शालिकराम हिमनद्यांविषयी बोलू लागला. त्याने हिमनदी पाहिली नव्हती, पण ऐकणाऱ्यांनीही पाहिली नव्हती, त्यामुळे चर्चा चांगली रंगे.

मग तपासणीत डॉक्टरांनी त्याला फिरत्या पट्ट्यावर चालवले, कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "तलावच पाहायचा ना? गावातला फुटाळा आहे की."

हे त्याने घरी सांगितले नव्हते. देवकी कधी बुटीबोरीलाही एकटी गेली नव्हती. आपण नाही म्हटले की तिचे जाणे तिथेच संपले, हे त्याला दिसत होते, आणि ते संपवणारा माणूस त्याला व्हायचे नव्हते. त्यापेक्षा तिनेच नाही म्हणावे. कोल्ड स्टोरेजमध्ये नेऊन थोडे फिरवले, चार जिने चढवले, की ती आपोआप म्हणेल, नको बापा. मग तो आधी नाराज होणार होता आणि नंतर मोठ्या मनाने, केवळ तिच्याखातर, बेत रद्द करणार होता. नाराज होण्याची तालीम त्याने आरशासमोर दोनदा केली होती.

दार मागे लागले. आत पिवळ्या दिव्यांचा मिणमिणता उजेड होता आणि वर छतापर्यंत लाकडी माळे, त्यांवर वाळल्या मिरचीची पोती. मधून अरुंद फळ्यांचा जिना गेला होता. कुठेतरी पंखे घरघरत होते. दोघेही एकदम शिंकले.

"थंडी वाजते का वं?" शालिकरामने आशेने विचारले.

"वाजून राहिली ना!" देवकी म्हणाली, प्रसाद दुसऱ्यांदा मिळाल्यासारखी.

"डोकं जड?"

"नाई."

"घाबरल्यावानी?"

"तुमाले होऊन राहिलं का?"

"मले कायले होईन!"

ते चढू लागले. डोंगरावर म्हणे हवा विरळ होत जाते. इथे मिरची दाट होत गेली, पण छातीला त्यातला फरक कळेना. दुसऱ्या माळ्यावर शालिकराम बुटाची नाडी बांधायला बसला. नाडी बांधलेलीच होती. छातीत कुणीतरी हलकेच मूठ आवळून पाहत होते.

"काय झालं?" देवकी वळून म्हणाली, आणि तिच्या तोंडातून पांढरा धूर निघाला.

शालिकराम दचकला. क्षणभर त्याला वाटले, पोत्यांना आग लागली. मग तो धूर दिव्याच्या उजेडात हळूच पसरला, विरला, आणि तिच्या ओठांशी पुन्हा उमलला. नागपूरच्या हिवाळ्यातही अशी वाफ निघते, पण त्या वेळी देवकी न्हाणीघरात कपडे आपटत असते आणि तो पांघरुणात असतो. इतक्या वर्षांच्या संसारात तिचे बोलणे त्याने पोटभर ऐकले होते. तिचा श्वास आज पहिल्यांदा पाहत होता. एवढासा, पांढरा, कुणाला न विचारता येणारा आणि जाणारा. तो बघतच राहिला.

तेवढ्यात पंखे बंद पडले.

घरघर थांबली आणि मागे काही उरलेच नाही. पोत्यांनी सगळा आवाज पिऊन टाकला होता. देवकीने एक हात वर केला, जणू कुणी बोलत होते आणि तिला ऐकायचे होते. मग ती वळली आणि त्याच्याकडे न पाहता चढू लागली. फळ्यांवर तिची पावले एकसारखी, न अडखळता पडत गेली. तिसरा माळा. चौथा. मग तीही थांबली.

शालिकराम 'नको बापा'ची वाट पाहत बसला. ते आले नाही.

"देवकी?"

"अजी," वरून आवाज आला. हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. लहान मुलीचा होता, किंवा फार म्हाताऱ्या बाईचा. "इथं कोणीच नाई."

तो उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"या ना वर."

त्याने पुढच्या फळीकडे पाहिले. तालीम केलेली नाराजी शोधून पाहिली. ती कुठे सापडेना.

"तू पाह्य. मी इथंच बसतो."

मग ती भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "डॉक्टर नाई म्हणाले ना?"

"तुले कोणं सांगितलं?"

"कोण सांगन? डॉक्टरनं हो म्हटलं असतं तं तुमी अख्ख्या लकडगंजाले पेढे वाटले असते."

शालिकरामने बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मी गेली तं चालन?"

"ऋतुजासोबत?"

"हाव."

आरशासमोरच्या तालमीत हा प्रश्न नव्हताच. त्याने मान वर केली. माळ्यांच्या फटींतून तिचा फक्त एक बूट दिसत होता, खूप उंच, स्थिर.

"जा," तो म्हणाला. त्या शब्दाची वाफ त्याला स्वतःला दिसली.

वर फळी करकरली.

"मग थांबा. मी सांगीन तुमाले काय काय आहे ते," देवकी म्हणाली. "इथं ना, छताशी पाइप आहेत. त्याईवर बरफ जमला आहे. पांढरा, कापसावानी. चमकून राहिला. तुमी पाहिला होता?"

एवढी वर्षे त्याचा माल इथे होता. पोती हमालांनी चढवली, हमालांनी उतरवली. तो कधी चौथ्या माळ्यावर गेला नव्हता.

"नाई."

"हात लावू?"

"लाव."

नाकाशी आलेली शिंक त्याने दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तो ऐकू लागला.